लाल झग्यातल्या बाईची पुढची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय शहात्तर, शिक्षण सहावीपर्यंत, काम पूर्वी सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवण्याचे आणि हल्ली काळजी करण्याचे (हे दुसरे बायकोने सांगितले म्हणून लिहिले), माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तशी खात्री करून घेतली. त्यांनी मला वार विचारला, मुलाचे वय विचारले आणि शंभरातून सात सात वजा करत खाली यायला सांगितले. मी घाबरून मध्येच घसरलो. डॉक्टर म्हणाले, इतका घाबरणारा माणूस पूर्ण शुद्धीवर असतो.

मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असेल आणि विसरलो असेन, तर ते रद्द समजावे.

वकीलबाईंनी नमुन्याचा कागद दिला आणि सांगितले, काका, एका पानात बसवा. मी प्रयत्न केला. एका पानात घर बसते, भांडीकुंडी बसतात, बायको बसत नाही. आणि हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे. मी आधी गेलो तर तिचे शनिवार कसे जातील, एवढाच माझ्या जिवाला घोर आहे. बाकीचे कोणी कसेही वाटून घेतले तरी मी काही उठून भांडायला येणार नाही.

कलम पहिले. घर.

तळमजला शिंप्याचा आहे, त्याच्या मालकीचा. वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीला लागून असलेली लांबट खोली माझी. हे सर्व माझ्यामागे बायकोचे आणि तिच्यामागे मुलाचे. मात्र ती हयात आहे तोवर तिच्या मनाविरुद्ध तिला इथून हलवू नये.

हे मी मुलावर अविश्वास म्हणून लिहीत नाही. त्याचा फ्लॅट चांगला आहे, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे. पण तिथे सगळे पांढरे आहे. भिंती पांढऱ्या, दारे पांढरी, कपाटे पांढरी, फरशी पांढरी. बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलेला आहे. समोरच्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही, अक्षर दिसत नाही, ताटातला भात ताटापासून वेगळा दिसत नाही. मागे आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हा ती भिंतीला हात लावत लावत फिरली आणि सूनबाईंना म्हणाली, "अगं, यातलं दार कुठलं?" सूनबाईंनी दुसऱ्याच दिवशी दारांना रंगीत रुमाल बांधले. त्या गुणी आहेत. पण रुमाल बांधून किती बांधणार.

तिला दिसतात ते फक्त गडद रंग. लाल म्हणजे अगदी लाल, निळा म्हणजे शाईसारखा निळा. आमच्या घरात म्हणून स्वयंपाकघराचे दार लाल आहे, मोरीचे निळे आहे, आणि जिन्याचा कठडा मी हिरवा करून घेतला. रंगारी म्हणाला, काका, सर्कस काढताय का. त्याला रंगाशी मतलब असावा, मी काय काढतो याच्याशी नव्हे. पुन्हा रंग द्यायची वेळ आली तर त्याला बोलावू नये.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते बायकोचे. तिचा औषधपाण्याचा खर्च आधी, माझ्या नावाने काही करायचे ते नंतर, आणि ते केले नाही तरी चालेल.

कलम तिसरे. किरकोळ.

माझे मनगटी घड्याळ मुलाला. ते पुढे जाते, हे मी मुद्दाम केलेले आहे, दुरुस्त करू नये. काळी छत्री आणि लोकरीचा कोट सूनबाईंना, कारण या घरात घेतलेली वस्तू जागेवर ठेवणाऱ्या त्या एकट्याच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर यांची पेटी मशीनजवळच राहू द्यावी. गॅसचा कॉक झोपण्यापूर्वी हाताने फिरवून पाहावा, नुसता डोळ्यांनी पाहू नये.

एक मायक्रोफोन आहे. तो थिएटरचा होता, म्हणजे माझा नाही, म्हणून मला तो कोणाला देता येत नाही. पण तो माझ्या मेहुणीकडे आहे, आणि थिएटर बंद झाल्यापासून आहे, एवढे या ठिकाणी नोंदवून ठेवतो.

कलम चौथे. सिनेमा आणि मशीन.

लांबट खोलीत एक लहान मशीन आहे. मालकांनी ते उघड्यावरच्या खेळांसाठी ठेवले होते. त्याच्याजवळ लोखंडी कपाटात एका इटालियन सिनेमाचे डबे आहेत. थिएटर मोडले तेव्हा मालकांनी मशीन आणि डबे मला दिले आणि म्हणाले, "मिस्तरी, याला आता तुमच्याशिवाय कोणी नाही." दर शनिवारी दुपारी मी खिडकीला काळा कागद लावतो आणि समोरच्या भिंतीवर हा सिनेमा लावतो. बायको पुढे खुर्चीवर बसते. हे आता वर्षानुवर्षे चालले आहे. डोळे गेल्यापासून तर तिला पाहण्यासारखे एवढेच उरले आहे.

सिनेमा चेटकिणींचा आहे. वकीलबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणून नीट सांगतो.

आमच्या थिएटरात परदेशी सिनेमे येत, कारण ते कमी भाड्यात मिळत. त्यांची भाषा कोणालाच येत नसे. मग मालकांनी पद्धत पाडली की पडद्याच्या बाजूला स्टुलावर एक माणूस माइक घेऊन बसेल आणि काय चालले आहे ते लोकांना आपल्या भाषेत सांगेल. ते काम माझ्या बायकोचे. ती आधी तिकीट खिडकीवर होती, पण सुटे पैसे नाहीत हे सुद्धा ती इतक्या गोडीने सांगे की लोक ऐकत उभे राहत. बोलणे ऐकू यावे म्हणून सिनेमाचा आवाज मला बारीक करावा लागे. त्यात किंकाळ्याही बारीक होत. मालक म्हणाले, लोकांनी किंकाळीचे पैसे दिलेत, ती मिळालीच पाहिजे. म्हणून दुसऱ्या स्टुलावर मेहुणी आली. गोष्ट मोठ्या बहिणीची, किंकाळी धाकटीची.

हा सिनेमा आला तेव्हा पहिला डबा आलाच नाही. गाडीतून तो भलत्याच गावी उतरला. बाहेर रांग लागलेली. मालक म्हणाले, "दुसऱ्यापासून लावा. सुरुवात कोणाला आठवते?"

मी लावला. मी स्वतः पडद्याकडे बघत नसे, अजूनही बघत नाही. माझे लक्ष मशीनच्या दाराशी, फिल्म सरळ जाते की नाही यावर. शिवाय मला भीती वाटते. पण मशीनच्या खोलीच्या भिंतीवर जो उजेड उलटून येतो, तो मी पाहिला आणि मला वाटले कुठेतरी आग लागली. इतका लाल. त्यानंतर निळा, मग कच्च्या कैरीसारखा हिरवा. त्या लोकांच्या देशात भिंतीला चुना लावायची पद्धतच नसावी.

एक तरुण मुलगी तळ्याकाठच्या एका मोठ्या बंगल्यात पियानो दुरुस्त करायला आलेली असते. रात्र होते, ती झोपते. लाल झग्यातली, पांढऱ्या केसांची एक बाई कात्री घेऊन येते, मुलीच्या केसांची बट कापते, नाकाला लावते आणि तिच्या कपाळावर हात ठेवते. ही कोण, हे पहिल्या डब्यात सांगितलेले असणार. तो डबा नव्हता. माझ्या बायकोने माइकवर सांगितले, "ही तिची आई. लेकीला ओळख देता येत नाही बिचारीला. म्हणून केस तेवढे घेऊन जाते."

झाले. तिथून पुढे सगळा सिनेमा त्या वाक्याच्या मागे जाणे भाग होते, आणि तो गेला. छतातून सुयांचा पाऊस पडतो, तो आई पाडते, पोरीने घाबरून या घरातून पळावे म्हणून. निळ्या न्हाणीघरात स्वयंपाकीण बुडते, ती पोरीला विकायला निघालेली असते. शेवटी बंगला पेटतो, लाल झग्यातली बाई आत राहते आणि मुलगी पावसात बाहेर पडते, आणि बाहेर पडताना हसते. इथे बायको अडली. आई जळते आहे आणि लेक हसते, हे कसे बसवायचे? मी वरून पाहत होतो, तिने माइक तोंडाजवळ ओढला. मग म्हणाली, "आईनं शपथ घातली होती, जाताना मला तुझं हसणं ऐकू येऊ दे."

चेटकिणींच्या सिनेमातून बायका डोळे पुसत बाहेर पडल्या. पुरुष बिड्या पेटवायच्या निमित्ताने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मालकांनी सिनेमा पुढे किती आठवडे ठेवला याला गणतीच नाही. नंतर तशा रंगांचे, तशा चेटकिणींचे आणखी पुष्कळ सिनेमे इटलीहून आले, जांभळ्या धुक्याचे, पिवळ्या डोळ्यांच्या मांजरांचे, आणि लोक पहिला प्रश्न विचारत, ही लाल झग्यातलीची कोण? बायकोने सगळ्यांची नाती लावून दिली. कोणी बहीण, कोणी जाऊ, कोणी वाईट चालीची नणंद.

पहिला डबा पुढच्या आठवड्यात आला. तो मी दुपारी रिकाम्या थिएटरात बायकोला लावून दाखवला. ती म्हणाली, याला ओरखडे फार आहेत, हा नको. तेव्हापासून आमचा सिनेमा दुसऱ्या डब्यापासूनच सुरू होतो. घरीही.

जुने सिनेमे जपणाऱ्या एका संस्थेच्या बाई मध्यंतरी येऊन डबे पाहून गेल्या. त्यांनी सांगितले, त्या काळच्या पुष्कळ सिनेमांचे रंग उडून सगळे गुलाबी होऊन जाते, पण हा कापडावर छापतात तसा रंग छापून केलेला आहे, म्हणून टिकला. बायकोच्या मागे हे डबे त्या संस्थेला द्यावेत. तिच्या हयातीत कोणी मागितले तर दार उघडू नये.

तिच्या हयातीत मशीन आणि डबे मी माझ्या मुलाला देतो. अट एकच, दर शनिवारी दुपारी त्याने येऊन सिनेमा लावावा आणि आईजवळ बसावे.

कलम पाचवे. मशीनबद्दल सूचना.

दिवा विझवल्यावर पंखा लगेच बंद करू नये. डब्यांना आंबूस वास येऊ लागला तर उघडे करून वारा द्यावा. फिल्मवर बोट ठेवू नये, कडेला धरावी. हे मी मुलाला तोंडी सांगितले आहे, पण तो हो हो म्हणतो, आणि हो हो म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

कलम चौथ्याबद्दल पुन्हा.

वरचे चौथे कलम लिहून झाल्यावर मी मुलाला म्हटले, मी आहे तोवर एकदा तू लावून बघ. तो तयारी करून आला. त्याने कुठून तरी या सिनेमाचे खरे संवाद मिळवले होते, आपल्या भाषेत उतरवून कागदावर छापून आणले होते. मशीन मी चालवले. तो आईशेजारी बसला आणि वाचू लागला. लाल बाई कात्री घेऊन आली तेव्हा बायकोने नेहमीचे वाक्य सुरू केले. मुलाने तिच्या हातावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाला, "आई, ही तिची आई नाहीये. हिनं आधीच्या पियानोवालीला मारलंय. केस जादूसाठी कापतेय. पहिल्या भागात आहे सगळं."

"असं का," बायको म्हणाली.

मग तो वाचत राहिला. सुया कशासाठी, स्वयंपाकीण कोण, सगळे बरोबर. बायको ऐकत होती. आणि सगळ्यात लाल भाग चालू असताना, तिला सगळ्यात स्वच्छ दिसणारा भाग, ती उठली आणि म्हणाली, "चहा ठेवते सगळ्यांना."

मुलाची यात काही चूक नाही. तो विम्याच्या कचेरीत आहे. तिथे कागदावर एक गोष्ट खोटी निघाली की माणसाच्या घरचे रिकाम्या हाताने परत जातात. खरे ते नीट सांगणे हीच त्याची माया. जिन्यात बूट घालताना त्याने मला विचारले, "बाबा, माझं काही चुकलं का?" मी म्हटले, "नाही रे." आणि ते खरे आहे.

पण मला तेव्हापासून चैन नाही. मी गेल्यावर दर शनिवारी तिला खरे ऐकत बसावे लागेल आणि ती दर शनिवारी चहा ठेवायला उठेल, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. सबब चौथ्या कलमातली शेवटची दोन वाक्ये मी रद्द करतो. ती वाचता येतील अशीच ठेवली आहेत. आधी त्याचेच नाव आले होते, हे त्याला दिसावे.

कलम सहावे. मशीन आणि डबे बायकोच्या हयातीत माझ्या मेहुणीकडे राहतील.

हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. ही मेहुणी म्हणजे आमच्या लग्नात भर पंगतीत मला भागूबाई म्हणणारी. थिएटरात ती माइक ठेवून दबक्या पावलांनी मशीनच्या खोलीत येई आणि माझ्या मानेमागे किंचाळून जाई. एकदा माझा हात तापलेल्या झाकणावर पडला, त्याची खूण अजून आहे, हवी त्याने पाहावी. थिएटर मोडले तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "गळे आमचे बसले आणि डबे यांना." मी म्हटले, "माइक कोणाच्या पिशवीत आहे ते आधी बघा." तेव्हापासून आम्ही एकमेकांशी थेट बोललेलो नाही. ती रोज बहिणीकडे येते, आम्ही एकाच खोलीत बसतो, आणि सगळे बायकोमार्फत चालते. सांग तुझ्या नवऱ्याला, पंख्याचा वारा लागतो. सांग तिला, खुर्ची सरकव.

पण लाल झग्यातली बाई आई आहे, हे बायकोखेरीज जगात तिलाच पाठ आहे. आणि ती ओरडली की बायको हसते. मी काही सांगितले की बायको मला धीर देते. या दोन्हींत फरक आहे, हे मला उशिरा कळले असले तरी कळले आहे.

आता साक्षीदारांबद्दल. मी मेहुणीलाच साक्षीला बोलावले होते, बायकोमार्फत. विचार असा की तिचे माझ्याबद्दलचे मत सर्वांना माहीत आहे, तेव्हा साक्षीदार माझ्या बाजूचा होता असे पुढे कोणी म्हणणार नाही. सहावे कलम लिहून झाल्यावर वकीलबाईंनी सांगितले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष देऊ नये. आणि तोवर मेहुणी स्वतःचे पेन घेऊन दारात हजर. बायकोला म्हणाली, "सांग भावोजींना, सही कुठं करायची ते दाखवा."

मी बायकोला म्हटले, "सांग तिला, तिची सही चालणार नाही."

बायको म्हणाली, "मी काय टपालपेटी आहे? तुमचं तुम्ही बोला," आणि आत निघून गेली. लाल दार लावूनसुद्धा घेतले.

खोलीत आम्ही दोघेच. मी टेबलाकडे बघून म्हटले, "तुझी सही चालत नाही."

"का? मी काय अंगठेबहाद्दर आहे?"

"ज्याला काही मिळतंय त्यानं साक्ष द्यायची नसते. नियम आहे."

"मला काय मिळतंय?"

"चेटकीण."

तिला वाटले मी शिवी दिली. तिने चष्मा काढून हातात घेतला, म्हणजे आता ती बोलणार. मी घाईघाईने कागद पुढे सरकवला. तिने चष्मा पुन्हा लावला आणि सहावे कलम वाचले. भागूबाईचेही वाचले. मग ती खिडकीपाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मशीन मला कुठं येतं?"

"खालच्या शिंप्याला शिकवतो. त्याचा हात सुतासारखा सरळ आहे. तू फक्त शेजारी बस. ती सांगेल, तू ओरड."

"या वयात?"

"जमेल तेवढं."

ती वळली. डोळे पुसलेले होते, पण तोंड तेच. म्हणाली, "आणि भावोजी, तुम्ही मरेपर्यंत मी गप्प बसायचं काय?"

मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते, हे मी तिला समजावून सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि शनिवारी दुपारी मायक्रोफोन कापडी पिशवीतून घेऊन आली.

तो शनिवार म्हणजे आजचा. डॉक्टरांना मी सहीसाठी संध्याकाळी बोलावले होते, ते घाईत म्हणून दुपारीच आले आणि मागे स्टुलावर बसले. दोघी बहिणी पुढे. माइकला वायर नाही, पण तो मधोमध धरला होता. लाल बाई आली, बायकोने सांगितले, ही तिची आई. मेहुणी ओरडली. पहिली किंकाळी खोकल्यात गेली. दुसरी अशी निघाली की मशीनवरचा डबा वाजला, आणि खालचा शिंपी जिना चढून धावत आला, गळ्यात टेप, हातात कात्री. त्या लाल उजेडात दारात कात्री घेतलेला माणूस पाहून मीही किंचाळलो. हे मेहुणीने लिहायला लावले आहे. बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले.

शिंपी परत गेला नाही. खाली गिऱ्हाईक उभे होते तरी शेवटपर्यंत बसला. एवढेच म्हणाला, "झग्याची शिवण अस्सल आहे."

आता डॉक्टर आणि शिंपी स्वयंपाकघरात चहा घेत थांबले आहेत आणि मी हे पुरे करतो आहे.

मघाशी रीळ उलटे गुंडाळताना बायको जवळ आली. मी तिला, मनात ठेवून ठेवून शेवटी, विचारले, मुलाने ते सगळे सांगितले याचे तिला फार लागले का.

ती म्हणाली, "अहो, मला तर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्ही तो डबा लावलात तेव्हा. फार दुष्ट आहे हो ती बाई."

"मग ओरखडे?"

"ओरखडे कुठले. तुम्ही बघत नाही म्हणून बरं." मग म्हणाली, "पण एकदा आई म्हटल्यावर तिला परत चेटकीण कशी करायची? थिएटरभर लोक बसले होते."

मी म्हटले, मग त्या दिवशी मध्येच का उठलीस?

"तो बिचारा कागदात मान घालून वाचत होता. एवढा लाल रंग समोर, आणि एकदाही वर बघितलं नाही त्यानं. म्हटलं, चहा तरी देऊ पोराला."

तेव्हा मुलासाठी हे सातवे कलम. शनिवारी जमेल तेव्हा ये. कागद आणू नकोस. आईशेजारी बस आणि समोर बघ. ती कोण म्हणेल ती कोण. सहावे कलम मात्र बदलत नाही, कारण ते मी मेहुणीच्या भीतीने बदलू शकत नाही.

कलम आठवे आणि शेवटचे. हे बायकोने सांगितले आणि मी उतरवून घेतले.

"हे गेल्यावर पहिल्या शनिवारी सिनेमा लावायचा नाही. खिडकीला कागद लावायचा, सगळ्यांनी बसायचं, आणि मी यांची गोष्ट सांगणार."

मी विचारले, खरी सांगशील ना?

म्हणाली, "ते लोक किती येतात त्यावर."

हा मजकूर मी डॉक्टर आणि शिंपी यांच्यासमोर वाचून दाखवला, तो मला मान्य आहे, आणि त्यांच्या देखत खाली सही करतो.

सही: लिहून ठेवणारा, थिएटरचा मिस्तरी

साक्षीदार पहिले: डॉक्टर. लिहिणारा शुद्धीवर आहे. नाडी जलद, पण ती नेहमीचीच. (सही)

साक्षीदार दुसरे: खालचे शिंपी. यांना या मृत्युपत्रात काही मिळत नाही. चहा मिळाला, तो धरायचा नाही असे वकीलबाईंना विचारून घेतले आहे. (सही)

ठिकाण: राहते घर, गच्चीलगतची लांबट खोली.
दिनांक: शनिवार, ९ नोव्हेंबर, सिनेमा संपल्यावर.